नसलेला ब्रेक

एकोणीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून
मी नसलेला ब्रेक दाबत आले.
सुहार ते मस्कत, सुहार ते बुरैमी.
माझ्या पायाखालच्या रबरी मॅटला
खळगा पडलाय, बघा हवं तर.
श्रीपाद म्हणायचा, गाडी तू चालवतेस की मी?

मग त्याची बदली दुक्मला झाली
आणि गाडी राहिली इथेच, माझ्यासोबत,
कव्हराखाली, टायरातली हवा
हळूहळू सोडत.

शमसाबाईंच्या गाडीला ब्रेक दोन.
स्वतःचा त्यांनी एकदाच वापरला:
कराडच्या लुनाच्या सवयीने
मी डाव्या अंगाने निघाले, समोर पाण्याचा टँकर.
त्या ओरडल्या नाहीत.
"यमीन, हबीबती. यमीन."
यमीन म्हणजे उजवा. उजवा म्हणजे जेवायचा हात.
अजून गोल चौकात शिरताना
बोटांना वरणभाताचा भास होतो.

ड्रम टेस्ट म्हणजे
लाल-पांढऱ्या पिंपांमधून गाडी उलटी आणायची.
पहिल्या वेळी एक पिंप पाडलं.
दुसऱ्या वेळी तेच.
पोलिसाने ते उभं केलं, वरची धूळ झटकली.
मला वाटलं, माझ्या वतीने माफी मागतोय.
त्या रात्री जेवणाच्या टेबलावर
हळद, तिखट, मोहरी, जिरं असे डबे मांडून
काडेपेटी उलटी नेत बसले, साडेबारापर्यंत.
मोहरीला दोनदा धडकले.

लायसन्सवरच्या फोटोत मी रागावलेली दिसते.
रागावले नव्हते.
आरसा शोधत होते.

एकटीने पहिली फेरी केळ्यांसाठी.
चौकाला तीन प्रदक्षिणा घातल्या,
कुठला फाटा ते कळेना म्हणून.
चौथ्यात कळला.
केळी महाग पडली, पण गोड होती.

मग हायवे. एकशेवीसला गाडी टिंगटिंग करते,
देवघरात कुणी चुकून हात लावावा तशी.
मी शंभरावर. मागचा दिवे मारतो, मारू दे.

आणि परवाचा शुक्रवार.
लॅबमधल्या रय्याचं बाळ बघून यनकुलहून परतत होते.
डोक्यावर आभाळ धुतल्यासारखं निळं,
पाऊस पडला असेल तर डोंगरापलीकडे.
उतार संपला तिथे रस्ताच नव्हता.
वादी वाहत होती, चहाच्या रंगाची,
आणि तिच्यात खोली सांगणारे खांब उभे,
पिंपांसारखेच लाल-पांढरे.
खालचा लाल पट्टा दिसत नव्हता.

शेजारून एक लँड क्रूझर गेली.
पोरांनी काचेतून हात केला, ये म्हणून,
पाणी उडवत पलीकडे पोचलीसुद्धा.
खरं सांगते, मनात आलं:
ते गेले की. तू काय कमी आहेस?

पाय मात्र जिथे जायचा तिथेच गेला,
एकोणीस वर्षांच्या सवयीने.
या वेळी तिथे ब्रेक होता.

मागे हॉर्न. एक, मग चार.
मी चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि बसून राहिले.
पाणी एक वीत पुढे सरकलं.
मागच्या पिकअपमधून बकऱ्यांचा मालक उतरला,
पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि मागच्या सगळ्यांना हातानेच सांगितलं, सरका.
मग मला, तळहात वळवत: ये, ये, शुवय शुवय.

आठ गाड्यांमधून मी उलटी वर आले.
हळद, तिखट, मोहरी, जिरं.
मोहरीला लागलं नाही.

वर थांबून त्याने खजूर दिले. बकऱ्या ओरडत होत्या.
श्रीपादचा फोन: कुठे आहेस?
थांबलेय, म्हटलं.
का, बंद पडली?

नाही रे.
अंधार पडायच्या आत पाणी उतरलं.
रस्त्यावर चिखल, एक निळी स्लिपर,
आणि बरेच दगड, ज्यांना कुणी वळायला शिकवलं नव्हतं.
मी एकेक चुकवत घरी आले.